मार्टिनू ऐकावा सेकंड व्हायोलिनच्या खुर्चीवरून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ड्वोर्झाक आणि स्मेताना बरीच वर्षं ऐकून झाल्यावर एका मित्राच्या घरी बोहुस्लाव मार्टिनू या चेक संगीतकाराची चौथी सिंफनी कानावर पडली आणि आवडली. घरी येऊन ॲपवर शोधलं तर सहा सिंफन्या आणि प्रत्येकीची ढीगभर रेकॉर्डिंग समोर आली. आता कोणता संच घ्यावा? १९५०च्या दशकातली मोनो (डावा-उजवा भेद नसलेली) रेकॉर्डिंग आज ऐकण्यात काही अर्थ आहे का? आणि शेवटी तुम्ही जरा संकोचून विचारलंय की संगीत छान वाटतं, पण एकही सुरावट डोक्यात राहत नाही, तेव्हा माझं ऐकणंच चुकतंय का?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ते हाती आलं की रेकॉर्डिंग कसं निवडायचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मी तीसेक वर्षं पाश्चात्त्य वाद्यवृंदात सेकंड व्हायोलिन वाजवतोय. या खुर्चीच्या वाट्याला मुख्य सुरावट क्वचित येते. वर फर्स्ट व्हायोलिन गातात, खाली चेलो आणि डबल बास तळ धरतात, आणि मधली जागा आम्ही आणि व्हायोलावाले भरून काढतो. तुटक स्वर, सतत थरथरता गज, ठेक्याच्या जरा अलीकडे किंवा पलीकडे पडणारे आघात, हे आमचं काम. श्रोत्याला ते वेगळं असं ऐकू येत नाही, पण काढून टाकलं तर सगळा वाद्यवृंद पोकळ होतो. मार्टिनूनं प्रागच्या चेक फिलहार्मोनिकमध्ये नेमकं हेच काम केलं. आधी बदली वादक म्हणून आणि मग १९२० ते १९२३ या काळात कायम वादक म्हणून, संचालक (कंडक्टर) वाच्लाव तालिखच्या हाताखाली, सेकंड व्हायोलिनच्या रांगेत. त्याच्या दहा वर्षं आधी प्रागच्या संगीत विद्यालयानं हलगर्जीपणाचा शेरा मारून त्याला काढून टाकलं होतं. म्हणजे वाद्यवृंद कसा लिहायचा हे तो वर्गात कमी आणि त्या मधल्या रांगेत जास्त शिकला. पहिली सिंफनी लिहिली तेव्हा त्याचं वय ५१ होतं, तरी तिच्यात मला ती रांग ऐकू येते. मधल्या आवाजांना इतकं काम देणारे सिंफनीकार मला फार माहीत नाहीत.

म्हणून त्याच्याकडे सुरावट आयती येऊन समोर उभी राहत नाही. दोन-तीन स्वरांचा एखादा तुकडा मधेच कुठेतरी सुरू होतो. तो परत येतो तेव्हा एक स्वर जास्तीचा घेऊन येतो. पुन्हा येतो तेव्हा त्यातला आघात सरकलेला असतो, आणि तोवर दुसऱ्या एखाद्या वाद्यानं तोच तुकडा अर्धी मात्रा उशिरा उचललेला असतो. असं करत करत दोन-तीन मिनिटांनी एक लांबलचक गाणारी ओळ उघडते आणि तेव्हा लक्षात येतं की आपण मघापासून तिचीच तयारी ऐकत होतो. ख्याल ऐकणाऱ्याला हे परकं वाटायचं कारण नाही. बडा ख्याल सुरू असताना आपण 'चाल कोणती' असं विचारत नाही, स्वर कसे जोडले जातायत, बढत कुठवर आली, हे ऐकतो. तोच कान इथे लावा. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा लागतो. इथे सम पकडायला जाऊ नका. कागदावर मात्रांच्या उभ्या रेघा असतात, पण मार्टिनूची वाक्यं त्या रेघा ओलांडून जातात, आणि बऱ्याचदा निरनिराळी वाद्यं निरनिराळ्या जागी ओलांडतात. वाजवताना आम्हीसुद्धा मोजत राहतो, नाहीतर हमखास चुकतो. ऐकणाऱ्यानं मोजू नये.

तेव्हा तुमचं काही चुकत नाहीये. ड्वोर्झाकनं तुमच्या कानाला वरची ओळ पकडायची सवय लावली आहे, तो कान जरा खाली उतरवा, एवढंच.

आणि यातूनच रेकॉर्डिंगची माझी कसोटी निघते. मार्टिनूच्या पहिल्या पाचही सिंफन्यांच्या वाद्यमेळात पियानो आहे. तो एकल वाद्य म्हणून पुढे येत नाही. तारवाद्यांच्या आतून चमकतो, कधी वीणेसोबत (हार्पसाठी मी हाच शब्द वापरतो, रागावू नका), कधी खालच्या पट्टीत नुसता ठोका देतो. रेकॉर्डिंग लावलं की पहिल्या दोन मिनिटांत मी दोनच गोष्टी पाहतो. तो पियानो ऐकू येतो का? आणि सेकंड व्हायोलिन-व्हायोलाचे सरकलेले आघात उसळी घेतात की नुसते चिकटून पडतात? दोन्ही असेल तर वाद्यवृंद दुसऱ्या फळीतला असला तरी चालतो. दोन्ही नसेल तर जगातला सर्वोत्तम वाद्यवृंदही मला मार्टिनू ऐकवत नाही.

संच लगेच घेऊ नका. जी आवडली आहे तीच चौथी सिंफनी आधी तीन संचालकांकडून ऐका. ती लिहायला त्यानं एप्रिल १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरुवात केली आणि जूनमध्ये केप कॉडच्या समुद्रकाठी संपवली, म्हणजे युरोपातलं युद्ध संपलं ते तिच्या अधेमधे. पहिला प्रयोग त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला फिलाडेल्फियात युजीन ऑरमंडीनं केला. त्याच्या सहा सिंफन्यांतली ही सगळ्यांत उजळ. पहिल्यांदा मार्टिन टुर्नोव्स्कीनं चेक फिलहार्मोनिकसोबत १९६०च्या दशकात सुप्राफोन कंपनीसाठी केलेलं रेकॉर्डिंग लावा. त्यातलं स्केर्झो, म्हणजे दुसरा, जलद आणि खेळकर भाग, ऐका. लय अजिबात घाई न करता पुढे झेपावते आणि बसून या फुंकवाद्याचे खर्जातले तुकडे, तारांची धावपळ, सगळं सुटं सुटं कळतं. मग यिर्झी ब्येलोहलावेकचं बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रासोबतचं, आणि तिसरं नेमे यार्वीचं बाम्बेर्ग सिंफनीसोबतचं. तिन्ही एकाच दिवशी मात्र ऐकू नका. एक दिवस फक्त पहिला भाग तिघांकडून, दुसऱ्या दिवशी फक्त स्केर्झो, असं करा. तिसरा भाग लार्गो, म्हणजे संथ लयीचा, आहे. तो स्वतंत्र संध्याकाळी, दिवे मंद करून, एकाच रेकॉर्डिंगमधून सलग ऐका, कारण त्यात तुलना करायला गेलात तर ज्यासाठी ऐकायचं तेच हातून जाईल. माझ्या मते त्यानं वाद्यवृंदासाठी लिहिलेलं सर्वांत खोल काही असेल तर ते हा लार्गो आणि पहिल्या सिंफनीतला लार्गो.

आता संचांबद्दल. माझी निवड सरळ सांगतो: पूर्ण सहा एकाच जागी हव्या असतील तर ब्येलोहलावेक आणि बीबीसी सिंफनी, ओनिक्स कंपनीचा संच. २००९-१० च्या हंगामात लंडनच्या बार्बिकन सभागृहात सहाही सिंफन्या मैफलीत वाजल्या, त्यांचं हे ध्वनिमुद्रण. बार्बिकनचा आवाज कोरडा आहे अशी तक्रार वादक आणि श्रोते दोघेही करतात. इथे तो कोरडेपणा वरदान ठरलाय, कारण घुमारा कमी असल्यामुळे मधले आवाज धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ येतात. ब्येलोहलावेकनं हे संगीत आयुष्यभर वाजवलं, यातल्या बऱ्याच सिंफन्या त्यानं आधी चेक फिलहार्मोनिकसोबतही मुद्रित केल्या. त्या अनुभवाचा परिणाम असा की तो कुठेही मुद्दाम काही 'दाखवत' नाही. लय आतून चालते, आणि जिथे दोन पानं लांब चढ आहे तिथे तो शेवटच्या ओळीपर्यंत हातचं राखून ठेवतो. २०१७ मध्ये तो गेला तेव्हा मी सलग दोन दिवस हाच संच ऐकत होतो.

वाच्लाव नॉयमनचा संच १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धातला, चेक फिलहार्मोनिकसोबत. यात त्या वाद्यवृंदाचा जुना रंग मनसोक्त मिळतो: गाणारी, जराशी थरथरती हॉर्न, गोड आणि किंचित लाकडी वाटणाऱ्या क्लॅरिनेट, मऊ तारा. आजचे सगळे वाद्यवृंद एकसारखे वाजायला लागलेत असं ज्यांना वाटतं त्यांनी तो रंग ऐकावाच. पण नॉयमनची लय काही ठिकाणी सैल पडते, विशेषतः जलद भागांत, आणि घुमाऱ्यात पियानो बुडतो. यार्वी त्याच्या अगदी उलट. वेगवान, तडफदार, कधी कधी फारच वेगवान. बिस कंपनीचं ध्वनिमुद्रण मोठ्या आवाक्याचं आहे, म्हणून सुरुवात हळू वाटते म्हणून आवाज वाढवू नका, पुढच्या स्फोटाला शेजारी दार वाजवतील. या संचाबद्दल एक गोष्ट मला फार भावते. बाम्बेर्ग सिंफनी हा जर्मन वाद्यवृंद १९४६ मध्ये उभा राहिला तो प्रागमधून बाहेर पडावं लागलेल्या जर्मन वादकांच्या जोरावर. चेक मातीतून उखडलेल्या संगीतकाराच्या सिंफन्या, त्याच मातीतून उखडलेल्यांनी उभारलेला वाद्यवृंद वाजवतोय. १९८०च्या दशकात ती मूळ माणसं रांगेत फारशी उरली नसणार, तरी मला ते नातं विसरता येत नाही.

ब्रायडन थॉमसनचा स्कॉटिश वाद्यवृंदासोबतचा शँडॉस कंपनीचा संच भरघोस आणि भावनेनं ओथंबलेला आहे. थॉमसन पुढे लवकरच, १९९१ मध्ये, वारला. तिसरी सिंफनी त्याच्याकडून ऐका. बाकी ठिकाणी सभागृहाचा घुमारा माझ्या कसोटीला उतरत नाही. आर्थर फेगनचा युक्रेनच्या राष्ट्रीय वाद्यवृंदासोबतचा नॅक्सॉसचा संच स्वस्तात मिळायचा. पहिल्या ओळखीला तो चालेल, पण तुमच्याकडे ॲप असताना त्याची गरज नाही.

आता मोनोचा प्रश्न. अर्थ आहे का, असं विचारलंत. पाचवी, सहावी आणि 'लिडिसेचं स्मारक' या तीन कृतींसाठी मी तरी मोनो असूनही कारेल आन्चेर्लकडेच जातो. त्यामागे भूतकाळाचं आकर्षण नाही. एकदा ऐकून पाहा.

आन्चेर्ल कोण होता हे थोडं सांगायला हवं. चेक ज्यू कुटुंबातला तरुण संचालक. नात्सींनी त्याला तेरेझिनच्या छावणीत डांबलं. तिथे कैद्यांमधून त्यानं तारवाद्यांचा वृंद बांधला आणि पावेल हास या सहकैद्यानं त्या वृंदासाठी लिहिलेली रचना वाजवली. मग ऑक्टोबर १९४४ मध्ये सगळ्यांना आउश्वित्झला नेलं. हास मारला गेला. आन्चेर्लची बायको आणि लहान मुलगा मारले गेले. तो वाचला, परत आला, आणि १९५० ते १९६८ चेक फिलहार्मोनिकचा प्रमुख संचालक राहिला. सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आल्यावर तो टोरोंटोला गेला आणि १९७३ मध्ये तिथेच वारला.

आता 'लिडिसेचं स्मारक' पाहा. १० जून १९४२ रोजी, हायड्रिख या बड्या नात्सी अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून नात्सींनी प्रागजवळचं लिडिसे हे गाव संपवलं. १७३ पुरुष एका दिवसात गोळ्या घालून मारले, बायकांना छावणीत पाठवलं, घरं जमीनदोस्त केली. मार्टिनू तेव्हा अमेरिकेत होता. १९४३च्या ऑगस्टमध्ये त्यानं ही आठ-नऊ मिनिटांची रचना लिहिली आणि २८ ऑक्टोबर १९४३ रोजी, चेकोस्लोव्हाकियाच्या स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वाढदिवशी, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकनं आर्टुर रोजिन्स्कीच्या हाताखाली ती वाजवली. त्याच दिवशी क्लीव्हलंडमध्ये एरिक लाइन्सडॉर्फनं त्याची दुसरी सिंफनी पहिल्यांदा वाजवली. सुरुवातीलाच दोन शेजारचे मायनर स्वरसंघ एकमेकांवर घासतात. 'सा' धरून बसलेल्या माणसाला कोणी शेजारी अर्ध्या स्वरानं चढा 'सा' धरल्यावर जसं होईल तसं. शेवटाकडे हॉर्नमधून बीथोवनच्या पाचव्या सिंफनीतला तो चार ठोक्यांचा तुकडा येतो. युद्धकाळात तोच ठेका दोस्त राष्ट्रांच्या रेडिओवर विजयाची खूण म्हणून वाजत होता.

आन्चेर्ल ही रचना वाजवतो तेव्हा कुठेही रडत नाही. बाकीचे संचालक इथे हळू होतात, तारांना गहिवर आणायला लावतात. आन्चेर्ल ती चालत्या माणसाच्या गतीनं नेतो. मधल्या तारा जड पावलं टाकतात आणि प्रत्येक स्वर पूर्ण लांबीचा, सरळ, न थरथरता येतो. मला वाटतं, ज्यानं ते सगळं स्वतः पाहिलंय त्याला वेगळं दुःख दाखवायची गरज भासली नाही. तिथे मोनो आहे की स्टिरिओ हे माझ्या ध्यानातही राहत नाही.

मोनोचा एक व्यावहारिक मुद्दाही सांगतो. जुन्या मोनोमध्ये मायक्रोफोन मोजके असायचे. मिक्सिंगच्या टेबलावर बसून नंतर व्हायोला वर काढणं शक्य नव्हतं. मधले आवाज ऐकू यायचे असतील तर ते संचालकालाच सभागृहात जमवावे लागत. आन्चेर्लचं हे कौशल्य अफाट होतं. म्हणून त्याच्या १९५५च्या पाचव्या आणि १९५६च्या सहाव्या सिंफनीत, आवाज अरुंद असूनही, रचनेचा सांगाडा नव्या मुद्रणांपेक्षा स्पष्ट दिसतो. हेडफोनवर मोनो डोक्याच्या मधोमध कोंडल्यासारखं वाटतं, त्यामुळे शक्य असेल तर स्पीकरवरच ऐका. आणि 'स्टिरिओसारखं' करून दिलेल्या जुन्या आवृत्त्या मिळाल्या तर सोडून द्या. सुप्राफोननं नंतर काढलेली आन्चेर्ल मालिका नीट साफ केलेली आहे.

पाचवी सिंफनी १९४६ची, चेक फिलहार्मोनिकलाच अर्पण केलेली. मे १९४७ मध्ये प्राग वसंतोत्सवात संचालक राफाएल कुबेलिकनं ती पहिल्यांदा वाजवली. युद्ध संपलं होतं, परत जायचं मनात होतं. पण १९४६च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समध्ये तो एका कठड्यावरून खाली पडला, डोक्याला मार लागला, ऐकण्यावर परिणाम झाला. १९४८ मध्ये प्रागमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली आणि परतीची वाट बंदच झाली. १९३८च्या उन्हाळ्यानंतर त्यानं मायदेश पाहिला नाही.

सहावीपाशी मी जरा जास्त थांबतो, कारण तुम्हाला ती पहिल्यांदा कदाचित आवडणार नाही. तिचं दुसरं नाव 'फांतेझी सिंफोनिक'. शोधताना ॲपवर त्याच नावानं सापडेल, 'सहावी' म्हणून बऱ्याचदा सापडत नाही. १९५१ ते १९५३ या काळात लिहिली, बॉस्टनच्या वाद्यवृंदाचा संचालक शार्ल म्युन्श याच्यासाठी, आणि म्युन्शनं ती जानेवारी १९५५ मध्ये पहिल्यांदा वाजवली. यात पियानो नाही. तो का काढला असेल हे पहिल्या दहा सेकंदांतच कळतं. पोळ्यातून माश्यांचं मोहोळ उठावं तसा तारा, बासरी आणि ट्रंपेट यांचा एक गुणगुणता धूर उठतो. एकही स्वर ठाम नाही, सगळं थरथरतंय. मघाशी मी म्हटलं ना, मधली रांग नेहमी थरथरत असते. इथे त्या मधल्या रांगेनं अख्खा वाद्यवृंद व्यापलाय. त्या धुरातून एका चेलोवर चार स्वर निघतात, एका स्वराभोवती अर्धा वर, अर्धा खाली, पुन्हा तोच. ड्वोर्झाकच्या 'रेक्विएम'चा आरंभ तुम्ही ऐकला असेल तर ओळखाल. परक्या देशात बसून, साठीच्या आसपास, आपल्या भाषेतल्या थोर माणसाच्या मृत्युगीताचे चार स्वर लिहायचे, आणि ते दोन सेकंदांत पुन्हा धुरात सोडून द्यायचे.

ही सिंफनी दोघांकडून ऐका: म्युन्श आणि बॉस्टन, १९५६; आन्चेर्ल आणि चेक फिलहार्मोनिक, तेही १९५६. म्युन्शकडे झगझगीत रंग आणि बेभान वेग आहे. ज्याच्यासाठी लिहिली त्यानंच पहिल्या प्रयोगाच्या पुढच्याच वर्षी मुद्रित केली, त्यामुळे तिचं मोल वेगळं. आन्चेर्लकडे शेवटचं मंद पान असं येतं की संपल्यावर बराच वेळ बटण दाबावंसं वाटत नाही. दोन्हींची लांबी २५ ते २८ मिनिटांच्या आसपास, एका संध्याकाळी दोन्ही होतात, आणि इथे तुलना करायला माझी हरकत नाही.

सिंफन्यांबाहेरचं वाद्यवृंद-संगीत कुठून घ्यावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. दोन तारवृंद, पियानो आणि टिंपनी यांच्यासाठीचा 'दुहेरी कॉन्चेर्तो' हवाच. स्वित्झर्लंडमध्ये स्विस संचालक पाउल झाखरच्या घरी राहून त्यानं तो सप्टेंबर १९३८ मध्ये पुरा केला, ज्या दिवसांत म्युनिकमध्ये त्याच्या देशाचे लचके तोडले जात होते. एकवीस-बावीस मिनिटं श्वास घ्यायला जागा नाही. दोन तारवृंद समोरासमोर बसतात, म्हणून ही एकच कृती अशी आहे की जिला मी मोनो सुचवणार नाही. डावा-उजवा फरक हाच तिचा प्राण आहे. चार्ल्स मॅकेरसनं ही रचना मुद्रित केली आहे, तिथून सुरुवात करा. त्यानं आयुष्याचा मोठा भाग चेक संगीतावर खर्च केला आणि ते ऐकू येतं.

मग 'पिएरो देला फ्रान्चेस्काची भित्तिचित्रं'. इटलीतल्या आरेत्सो गावच्या चर्चमधली ती चित्रं त्यानं १९५४ मध्ये पाहिली आणि पुढच्या वर्षी तीन भागांची ही रचना लिहिली. कुबेलिकला अर्पण केली, आणि कुबेलिकनं ऑगस्ट १९५६ मध्ये साल्झबुर्ग महोत्सवात व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत पहिला प्रयोग केला. त्या पहिल्याच प्रयोगाचं ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, ऑर्फेओ कंपनीचं. स्वच्छ आवाज हवा असेल तर इतर बरेच पर्याय आहेत, पण पहिल्यांदा हे ऐका. पोलिच्का गावच्या चर्चच्या मनोऱ्यात, १९३ पायऱ्या वर, त्याचा जन्म झाला. वडील तिथे आगीवर लक्ष ठेवणारे पहारेकरी आणि चांभारकाम करणारे. पहिली अकरा-बारा वर्षं त्यानं जग त्या उंचीवरून पाहिलं: माणसं बारीक, आकाश प्रचंड. 'भित्तिचित्रां'च्या पहिल्या भागात तारांचा जो एकदम विस्तीर्ण पसारा उघडतो, तो मला नेहमी त्या खिडकीशी नेतो. आजही ती खोली पाहता येते. मी अजून गेलेलो नाही, पण जायचं आहे.

पॅरिसमधल्या तरुणपणीच्या 'हाफटाइम' आणि 'ला बागार' या छोट्या रचना मजेदार आहेत. फुटबॉलचं मध्यंतर आणि रस्त्यावरचा गोंगाट, स्त्राविन्स्कीची छाप स्पष्ट. एकदा ऐका, परत ऐकाल असं वाटत नाही. पहिली सिंफनी मात्र लवकर घ्या. बॉस्टनचा तेव्हाचा संचालक कूसेविट्स्की यानं आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ ती लिहून घेतली, आणि नुकत्याच निर्वासित म्हणून आलेल्या मार्टिनूला अमेरिकेत उभं केलं. सुरुवातीला स्वरसंघ जागच्या जागी वर सरकतात, पडदा उचलावा तसे. ते ब्येलोहलावेककडून ऐका.

जाता जाता एक नातं सांगतो, कारण ते कळलं त्या दिवसापासून मी विसरलेलो नाही. आपल्या घरांत रेडिओ सुरू होताना वाजणारी आकाशवाणीची ती तंबोऱ्यावरची व्हायोलिनची ओळखधून वॉल्टर काउफमनची आहे असं मानलं जातं. कार्लोवी वारीमध्ये जन्मलेला, प्रागमध्ये शिकलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये नात्सींच्या सावटातून मुंबईला आला आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागला. मार्टिनू पश्चिमेला गेला, काउफमन पूर्वेला.

ॲपवर शोधण्याच्या दोन-तीन युक्त्या. मार्टिनूच्या नावातल्या शेवटच्या अक्षरावर चेक लिपीत छोटं वर्तुळ असतं. एका पद्धतीनं सापडलं नाही तर दुसऱ्या पद्धतीनं टाका, निकाल वेगळे येतात. त्याच्या कृतींना हॅरी हालब्राइखच्या सूचीतले क्रमांक आहेत, आधी 'एच' अक्षर आणि मग अंक: चौथी सिंफनी ३०५, पाचवी ३१०, सहावी ३४३, लिडिसे २९६, दुहेरी कॉन्चेर्तो २७१, भित्तिचित्रं ३५२. नावांची भाषांतरं पाच भाषांत असतात, क्रमांक एकच असतो. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय बंद ठेवा, नाहीतर लार्गो आणि स्केर्झो सारख्याच जोरानं वाजतील. एक गाणं दुसऱ्यात मिसळण्याची सोय तर नक्कीच बंद करा.

आणि एक प्रयोग करून पाहा. चौथीचा पहिला भाग, ब्येलोहलावेकचा, लावा. पहिल्या खेपेला जे ऐकू येईल ते ऐका. दुसऱ्या खेपेला फर्स्ट व्हायोलिनकडे जाणीवपूर्वक लक्ष देऊ नका. त्यांच्या खाली जे चाललंय तेवढंच धरा, पियानोचा ठोका, व्हायोलाची कुरकुर, एक मात्रा मागून येणारे आम्ही. तिसऱ्या खेपेला काहीच ठरवू नका. त्या तिसऱ्या खेपेला तुमच्या डोक्यात काय राहिलं, ते मला जरूर कळवा. मग तिसऱ्या सिंफनीबद्दल सविस्तर लिहीन, आणि त्याची शिष्या व्हीतेस्लावा काप्रालोवा हिच्याबद्दलही. तिनं २३ व्या वर्षी लंडनमध्ये बीबीसी सिंफनीसमोर उभं राहून स्वतःची 'मिलिटरी सिंफोनिएट्टा' वाजवली आणि २५ व्या वर्षी गेली. तुम्ही चौथीच्या मधल्या आवाजांत शिरलात की तिच्याही आवाजांत शिराल.